सारखा आवाज म्हणजे नेमका कोणता?

समजा, बुलढाणा जिल्ह्यात मेहकरजवळच्या एखाद्या शाळेत स्नेहसंमेलन आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची मुलांना ओळख व्हावी, म्हणून बाईंनी पेन ड्राइव्हवर काही गाणी जमवली आहेत. पहिले गाणे देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेचे. जी. एन. जोशी यांनी ते गायले आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिची गणना होते. दुसरे गाणे गीतरामायणातले, जुन्या कॅसेटवरून उतरवलेले. तिसरे एका सीडीवरचे देशभक्तिपर गीत, आणि चौथे मुलांच्या आग्रहाखातर घेतलेले अलीकडच्या चित्रपटातले नाचाचे गाणे.

कार्यक्रम सुरू होतो. 'शीळ' लागते, पण मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. लाऊडस्पीकरवाला बटण फिरवून आवाज वाढवतो. गीतरामायण जरा बरे ऐकू येते. तिसरे गाणे लागताच पुढच्या रांगेतली मुले कानांवर हात ठेवतात, म्हणून आवाज कमी करायचा. चौथ्या गाण्याला तो आणखी कमी करायचा. असे दोनचार वेळा झाले की कोणीतरी म्हणते, "ते जुने गाणे राहू द्या, ऐकूच येत नाही." ज्यासाठी कार्यक्रम ठेवला, तेच गाणे यादीतून गळते.

आज संगणकावरचा साधा मोफत प्रोग्रॅमही या चारही गाण्यांचा आवाज दोन मिनिटांत सारखा करून देतो. पण 'सारखा' म्हणजे काय? फूटपट्टीने मोजून दोन काठ्या सारख्या आहेत का ते सांगता येते. आवाजासाठी तशी फूटपट्टी कोणती? या प्रश्नाचे कामापुरते उत्तर मिळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्याचा इतिहास भौतिकशास्त्राचा आहे, तसाच माणसाच्या कानाचाही आहे.

तबकडीवरची खाच

आधी 'शीळ'ची तबकडी कशी होती ते पाहू. ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची. एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. तबकडीवर बाहेरून आत जाणारी एकच लांब नागमोडी खाच असते. आवाज जितका मोठा, तितकी खाच डावी-उजवीकडे जास्त झुकते. म्हणजे आवाजाचा आयाम तिथे डोळ्यांनी बघता येतो.

पण या झुकण्याला दोन्हीकडून मर्यादा आहे. एका इंचात खाचेचे शंभराच्या आसपास वेढे बसवलेले असतात. आवाज फार मोठा झाला तर एक वेढा शेजारच्या वेढ्याची भिंत फोडतो. आवाज फार लहान ठेवला, तर तो सुईच्या खरखरीत बुडून जातो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला या दोन मर्यादांच्या मधल्या पट्टीत सगळे गाणे बसवावे लागे. ही पट्टी अरुंद होती. 'आवाज सारखा करणे' हे काम खरे तर इथूनच सुरू झाले.

फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा विजेचा मायक्रोफोन या कामात आलेला नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात गाई. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणात खाच कोरी. आवाज कमी-जास्त करायला बटण नव्हते. तान मोठी आली की गायकाने मागे सरायचे, हलकी जागा आली की पुढे व्हायचे. वाजंत्र्यांच्या खुर्च्याही वाद्याच्या आवाजाप्रमाणे जवळ किंवा लांब मांडत. अंतर हेच तेव्हाचे बटण होते.

१९२५ मध्ये अमेरिकेत विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण व्यवहारात आले आणि काही वर्षांत ते भारतातही पोचले. मायक्रोफोनमुळे हळू म्हटलेले शब्दही खाचेत उतरू लागले. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा खडा आवाज ही आता गायकाची पहिली अट राहिली नाही. एकट्याने, बोलल्यासारखे, कवितेचा शब्द जपत गायचे भावगीत याच काळात बहरले, आणि त्यात मायक्रोफोनचा वाटा मोठा आहे. 'शीळ' गाणारे जोशी पुढे हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत रुजू झाले आणि कितीतरी मोठ्या गायक-वादकांच्या ध्वनिमुद्रणाचे काम त्यांनी पाहिले.

विजेमुळे आता आवाज मोजताही येऊ लागला. मायक्रोफोनमधून येणारा विद्युतप्रवाह मोजला की आवाज मोजला, असे वाटणे साहजिक होते. पण तसे करताच एक अडचण लक्षात आली. ती यंत्रात नव्हती, कानात होती.

कान बेरीज करत नाही

अडचणीची पहिली चाहूल आधीच्या शतकात लागली होती. जर्मनीतल्या लाइपझिग येथे एर्न्स्ट वेबर याने १८३०च्या दशकात स्पर्शावर आणि वजनाच्या जाणिवेवर प्रयोग केले. हातात थोडे वजन असेल तर थोडीशी भरही कळते. हातात जड वजन असेल तर तेवढी भर कळत नाही. किती भर घातली यापेक्षा मूळच्या वजनाच्या किती पट भर घातली, यावर जाणीव अवलंबून असते. याच शहरातल्या गुस्ताव फेख्नरने १८६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या निरीक्षणाला गणिती रूप दिले. उद्दीपन पटींनी वाढते, तेव्हा जाणीव पायऱ्यापायऱ्यांनी वाढते, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या भाषेत सांगायचे तर एकीकडे गुणोत्तर श्रेढी आणि दुसरीकडे अंकगणिती श्रेढी. दोहोंना जोडणारे फलन म्हणजे लॉगरिदम.

हा लॉगरिदम आवाजाच्या मोजणीत आला तो टेलिफोनच्या तारांमुळे. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या इंजिनिअरांना लांबच्या तारेत बोलणे किती क्षीण होते ते मोजायचे होते. सुरुवातीला ते 'एक मैल प्रमाण तार' हेच एकक वापरत. १९२४ च्या सुमारास त्याऐवजी लॉगरिदमवर आधारलेले एकक आले. काही वर्षांनी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या नावावरून त्याला डेसिबल म्हणू लागले. शक्ती दहापट झाली की १० डेसिबल वाढ, शंभरपट झाली की २० डेसिबल, दुप्पट झाली की सुमारे ३ डेसिबल.

शाळेच्या प्रार्थनेचे उदाहरण घ्या. एक मुलगा प्रार्थना म्हणतो आहे. तितक्याच जोराने दहा मुले म्हणू लागली, तर आवाज १० डेसिबलने वाढेल. आणखी १० डेसिबल वाढवायचे, तर शंभर मुले लागतील. आणि ऐकणाऱ्याला? साधारणपणे दर १० डेसिबलला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. हा अंदाज हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांच्यासारख्या संशोधकांनी माणसांना आवाज ऐकवून, विचारून बसवला. म्हणजे एकाच्या जागी शंभर मुले आली, तरी प्रार्थना शंभरपट नव्हे, चौपट मोठी वाटते. यात फेख्नरच्या नियमातही थोडी दुरुस्ती झाली, पण कान शक्तीची नुसती बेरीज करत नाही ही मूळ गोष्ट कायम राहिली.

१९३३ : रेषा वाकड्या का?

'शीळ'ची तबकडी निघाली त्याच सुमारास, १९३३ साली, बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. फ्लेचर यांचे नाव भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी वेगळ्या संदर्भात ऐकले असेल. इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणाऱ्या मिलिकन यांच्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगात विद्यार्थी म्हणून त्यांनी काम केले होते.

या दोघांनी श्रोत्यांच्या कानाला ध्वनिग्राहक लावले आणि त्यांना दोन सूर आळीपाळीने ऐकवले. एक नेहमीचा, १००० हर्ट्झचा. दुसरा त्याहून खालचा किंवा वरचा. दोन्ही सारखेच मोठे वाटेपर्यंत दुसरा सूर कमी-जास्त करायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. असे अनेक सुरांसाठी आणि अनेक पातळ्यांवर करून त्यांनी आलेख काढले. कान सर्व सुरांना सारखा न्याय देत असता, तर आलेखात सरळ आडव्या रेषा आल्या असत्या. आल्या त्या खोलगट, वाकलेल्या रेषा.

एक आकडा पाहू. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर आहे. १०० हर्ट्झचा, म्हणजे खर्जातला सूर तितकाच मोठा वाटायला हवा असेल, तर तो ६० डेसिबलच्याही वर न्यावा लागतो. फरक २० डेसिबलहून जास्त, म्हणजे शक्ती शंभरपटीपेक्षा जास्त! उलट ३००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास कान सर्वांत तिखट असतो. याचे एक कारण दहावीच्या मुलांनाही समजेल. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा ध्वनी घुमतो. ४ × २.५ म्हणजे १० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वारंवारता येते ३४०० हर्ट्झ.

तोंडाने घातलेली शीळ बहुधा एक ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, म्हणजे कान जिथे तिखट होत जातो त्याच प्रदेशात. रानातून घातलेली शीळ एवढ्याशा श्वासावर लांबवर ऐकू येते, त्याचे एक कारण हे आहे. शेतात एकमेकांना शीळ घालून बोलावणाऱ्यांना फ्लेचरचा आलेख माहीत नव्हता, पण कानाचा हा गुण माहीत होता.

हा आलेख आज आपल्या कायद्यातही बसला आहे. भारताचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. या डेसिबलपुढे 'ए' हे अक्षर लिहिलेले असते. त्याचा अर्थ, मोजणीयंत्राने खालचे सूर कानाप्रमाणेच कमी धरायचे. ते किती कमी धरायचे हे मुळात फ्लेचर-मन्सन यांच्या ४० डेसिबलच्या रेषेवरून ठरले.

काटा आणि माणूस

रेडिओला आणखी एक गरज होती. नभोवाणीचे प्रक्षेपक यंत्रही तबकडीसारखेच. फार मोठा आवाज दिला तर ते विकृत करते, फार लहान दिला तर श्रोत्याला खरखर ऐकू येते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळा आणि दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांनी मिळून १९३९ मध्ये एक मापक ठरवला. 'व्हीयू मीटर' या नावाने तो जगभर गेला. जुन्या टेपरेकॉर्डरवर डुलणारा काटा आठवतो ना, तोच. या काट्याची गंमत ही की तो मुद्दाम संथ ठेवला होता. आवाज आल्यावर योग्य जागी पोचायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागत. टाळीसारखा क्षणिक आवाज त्याला पुरता दिसतच नसे. कानालाही क्षणिक आवाज त्याच्या शक्तीच्या मानाने लहानच वाटतो. काटा कानासारखा वागावा, अशी ती योजना होती.

पण काट्यापुढे माणूस बसलेला असे. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, तिथून गीतरामायणाचे पहिले गीत प्रक्षेपित झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि दर आठवड्याला एक अशी ५६ गीते. गाणारे अनेक होते. स्वतः फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर. प्रत्येकाचा आवाज वेगळा, वाद्यमेळ वेगळा. रेडिओवर अशा वेळी आवाज सारखा राखण्याचे काम नियंत्रण कक्षातल्या माणसाचे. एक नजर काट्यावर, कान गाण्यावर आणि हात बटणावर. गाण्यातली हळवी ओळ हळवीच राहिली पाहिजे, पण ती नाहीशी होता कामा नये, हे काट्याला कळत नसे. त्याला कळे.

आपल्या पेन ड्राइव्हवरून हा माणूस गायब झालेला आहे. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या हातांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांना आपण एका यादीत शेजारी शेजारी बसवले आहे. गोंधळाचे मूळ इथे आहे.

छत आणि त्याला टेकलेली गाणी

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यावर खाचेऐवजी आकडे. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायची. सर्वांत वरची पायरी हे छत. त्याच्यावर आकडाच नाही. तरंगाचा माथा त्याच्या वर गेला तर तो कापला जातो आणि आवाज फाटतो. संगणकावर या छताला शून्य म्हणतात आणि त्याखालची पातळी उणे आकड्यांत लिहितात.

छत सगळ्या गाण्यांना सारखेच. मग प्रत्येक गाण्याचा सर्वांत उंच माथा छताला टेकवला की आवाज सारखा झाला, असे सुरुवातीच्या अनेक प्रोग्रॅमांनी गृहीत धरले. ते का चुकले ते एका छोट्या उदाहरणात पाहू. फळ्यावर दोन 'गाणी' लिहा. प्रत्येकात पाच आकडे.

पहिले गाणे : २, २, २, २, १०
दुसरे गाणे : ८, ८, ८, ८, १०

दोन्हींचा सर्वांत मोठा आकडा १०. माथा मोजणाऱ्या यंत्राच्या मते दोन्ही सारखी. आता शक्ती काढू. शक्ती आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वर्गांची सरासरी पहिल्याची २३.२ आणि दुसऱ्याची ७१.२. दुसऱ्या गाण्याची शक्ती तिपटीहून जास्त, म्हणजे जवळजवळ ५ डेसिबलचा फरक. कान ऐकतो तो हा फरक.

जुन्या तबकडीच्या बाबतीत तर आणखी गंमत होते. 'शीळ'सारख्या तबकडीवर नव्वद वर्षांचे ओरखडे असतात. सुई ओरखड्यावरून गेली की 'टक्' असा आवाज येतो, आणि बरेचदा फाइलमधला सर्वांत उंच माथा याच 'टक्'चा असतो. माथे सारखे करणारा प्रोग्रॅम तो ओरखडा आजच्या ढोलाच्या बरोबरीने आणून ठेवतो. गाणे खालीच राहते.

दुसऱ्या बाजूला नव्या गाण्यांत उलटे घडत होते. गाण्यातले उंच माथे दाबायचे आणि मग सगळेच वर उचलायचे, असे यंत्र पूर्वीपासून होते. संगणक आल्यावर ते फार सोपे झाले. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे वाटले तर ते चटकन भरते, म्हणून १९९०च्या दशकापासून प्रत्येक जण आपले गाणे थोडे अधिक वर उचलू लागला. इंग्रजीत या चढाओढीला युद्धच म्हटले गेले. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाचा एक संग्रह निघाला, तेव्हा आवाज इतका दाबून उचलला आहे की ऐकवत नाही, अशी तक्रार त्यांच्या चाहत्यांनीच केली. आपल्या उदाहरणातले पहिले गाणे दुसऱ्यासारखे करून टाकायचे, असा हा उद्योग. त्यात हळू आणि मोठे यांतले अंतरच मिटते. कुजबुज आणि हाक एकाच मापाची होते.

कानाप्रमाणे मोजू

२००१ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड रॉबिन्सन याने एक वेगळी सूचना मांडली. नाव 'रिप्लेगेन'. गाण्याचे सेकंदाच्या विसाव्या भागाएवढे तुकडे करायचे. कानाला जे सूर कमी ऐकू येतात ते गाळणीने कमी करायचे. प्रत्येक तुकड्याच्या वर्गांची सरासरी काढायची. मग सगळे तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून वरच्या पाच टक्क्यांच्या सीमेवरचा तुकडा घ्यायचा, आणि त्याला गाण्याचा मोठेपणा म्हणायचे. फेख्नरचा लॉगरिदम, फ्लेचरची वाकडी रेषा आणि वर्गांची सरासरी इथे एकत्र आली.

रॉबिन्सनच्या दोन गोष्टी विशेष शहाणपणाच्या होत्या. एक, गाण्याला हात लावायचा नाही. 'हे वाजवताना इतके डेसिबल कमी करा' अशी चिठ्ठी फक्त फाइलला जोडायची. चिठ्ठी काढली की गाणे जसेच्या तसे. 'एमपीथ्री गेन' नावाच्या प्रोग्रॅमने जवळपास असेच केले. त्याने फाइलमधला पातळीचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलला, आणि तो परतही फिरवता येत असे. दुसरी गोष्ट, दोन चिठ्ठ्या ठेवायच्या. एक सुट्या गाण्यासाठी आणि एक संपूर्ण संग्रहासाठी. गीतरामायण सलग ऐकताना वनवासातला विलाप आणि युद्धातला आवेश यांना एका मापात आणायचे नसते. तिथे सगळ्या गीतांना मिळून एकच दुरुस्ती हवी.

दूरदर्शन वाहिन्यांना हाच त्रास जाहिरातींचा होता. आपल्याकडे १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत जाहिरात अवाजवी मोठ्या आवाजाची नसावी असे म्हटले आहे, पण त्या कलमात आकडा नव्हता. आकडा नसला की नियम पाळला की मोडला, हे कोण ठरवणार? २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोठेपणा मोजायची एक रीत प्रमाण म्हणून जाहीर केली. त्यासाठी अनेक श्रोत्यांना निरनिराळे तुकडे ऐकवून जुळवायला सांगितले होते. त्यांच्या उत्तरांशी वेगवेगळ्या गणिती पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा एक साधी पद्धतच चांगली ठरली. खालचे सूर कापायचे, २००० हर्ट्झच्या वरचे सुमारे ४ डेसिबल उचलायचे आणि वर्गांची सरासरी घ्यायची. एवढेच.

पुढे त्यात एक भर पडली. भाषणात मध्ये मध्ये शांतता असते. ती सरासरीत धरली तर भाषण आहे त्यापेक्षा लहान ठरेल आणि यंत्र ते उगाच वर उचलेल. म्हणून फार शांत तुकडे हिशेबातून वगळायचे. परीक्षेला गैरहजर मुलाचे शून्य वर्गाच्या सरासरीत धरू नये, तसेच हे. २०१० मध्ये युरोपच्या प्रक्षेपण संघाने याच मापाने छताच्या खाली २३ ही पातळी ठरवली. अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजाचा कायदा डिसेंबर २०१० मध्ये झाला आणि डिसेंबर २०१२ पासून अमलात आला. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनीही आपापली पातळी ठरवली. आता गाणे कितीही वर उचलून पाठवले, तरी वाजवताना ते पुन्हा खाली आणले जाते.

उचलायचे की उतरवायचे?

शेवटी आपल्या स्नेहसंमेलनाकडे येऊ. सारखे करायचे म्हणजे लहान आवाज उचलायचा, असे आपल्याला सहज वाटते. पण वर छत आहे. 'शीळ' उचलायला गेलो तर ओरखड्याचा माथा आधी छताला लागतो. म्हणून करायचे ते उलट. मोठ्या गाण्यांना खाली उतरवायचे, सगळ्यांची पातळी छतापासून बरीच खाली ठेवायची आणि लाऊडस्पीकरचे बटण एकदाच, सुरुवातीला, हवे तेवढे वर करायचे. वर्गातही हळू बोलणाऱ्या मुलीला ओरडायला लावून चर्चा होत नाही. मोठ्याने बोलणाऱ्यांना जरा थांबवले की ती ऐकू येते.

हे करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये माथा सारखा करण्याची आणि मोठेपणा सारखा करण्याची अशा दोन निरनिराळ्या सोयी आहेत, त्यांतली दुसरी निवडावी. आणि सगळ्या गाण्यांसाठी एकच, जरा खालची पातळी घ्यावी. जुन्या तबकडीची खरखर गाण्याबरोबर थोडी वर येईल. ती पूर्ण पुसायच्या नादी लागू नये, कारण त्या खरखरीच्या शेजारीच गायकाचा श्वास असतो.

मुलांकडून करून घेण्याजोगा एक प्रयोगही आहे. मोबाइलवर सूर काढणाऱ्या एखाद्या मोफत प्रोग्रॅममधून १००० हर्ट्झचा सूर लावा. मग त्याच पातळीवर २०० आणि ३००० हर्ट्झचे. कोणता मोठा वाटला ते प्रत्येकाने न बोलता वहीत लिहावे. उत्तरांत थोडा फरक पडेल. फोनचा लहानसा स्पीकरही खालचे सूर कमी काढतो, त्यामुळे कानाचा दोष किती आणि स्पीकरचा किती, हा नवा प्रश्न मुलांना पडेल. तो पडू द्यावा. फ्लेचर आणि मन्सन यांनाही आधी आपली उपकरणे तपासून घ्यावी लागली होती. सूर मात्र हळूच लावा. शाळा हे शांतता क्षेत्र आहे, ते आपल्यापासूनच सुरू होते.

आणि मग 'शीळ' लावा. बटणाला हात न लावता ती शेवटच्या रांगेत पोचली, तर दीडशे वर्षांची ही मोजणी त्या दिवसापुरती उपयोगी पडली असे समजायला हरकत नाही.